सागरदर्शनी सदनिकेचा इसार देण्यापूर्वी

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
सिडको, सी.बी.डी. बेलापूर, नवी मुंबई



महसूल खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेला आणि आता उतारवयात घाटावरचे बिऱ्हाड समुद्राकाठी हलवावे की नाही या विवंचनेत पडलेला एक नगरकर या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. आणि घर विकणारा बांधकाम व्यावसायिक सोडून हा मनुष्य आपल्या साहेबांना पत्र का धाडतो, असा प्रश्न आवक नोंदवहीत याची नोंद करणाऱ्या आपल्या एखाद्या चाणाक्ष कारकुनास पडेल, म्हणून आरंभीच खुलासा करतो. चार भिंती आणि त्यांवरचे छप्पर त्या व्यावसायिकाच्या ताब्यात आहे हे खरे. परंतु ज्या गोष्टीसाठी त्या चार भिंतींना एवढे मोल आले आहे ती गोष्ट खिडकीच्या आत नसून बाहेर आहे, आणि खिडकीबाहेरच्या त्या जमिनीचा मूळ धनी आपले महामंडळ आहे.

माझा मुलगा मुंबईत फोर्टमधील एका कचेरीत नोकरीस असतो. सीवूड्स-दारावे स्थानकावरून हार्बरच्या लोकलने सुमारे तासाभरात त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते, जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही वाहतुकीस खुला झाला आहे, आणि विमानतळही आता हाताशी आला आहे. तेव्हा आईबापांनी सावेडीतले घर विकून आपल्याजवळ येऊन राहावे, हा त्याचा आग्रह प्रेमाचा आहे तसाच व्यवहाराचाही आहे, आणि त्याच्या आईला तर तो केव्हाच पटलेला आहे. त्याने पाठविलेल्या, नेरुळच्या किनाऱ्यावरील सदनिकांच्या एका माहितीपत्रकात गुळगुळीत कागदावर एक चित्र होते: डाव्या अंगाला उथळ पाण्यात उभा असलेला गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा, उजव्या अंगाला मखमलीसारखे हिरवेगार गोल्फचे मैदान, आणि दोहोंच्या वर गच्चीत चहा पीत बसलेले एक वृद्ध जोडपे. चित्रकाराच्या कौशल्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. तथापि तीस-पस्तीस वर्षे नकाशे आणि मोजणीच्या शीटा हाताळलेल्या माणसाची नजर वृद्ध जोडप्यावर न जाता चतुःसीमांवर जाते, आणि चतुःसीमा पाहता मला असे आढळले की, नेरुळच्या त्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे पाणी आणि गोल्फची हिरवळ या दोहोंना पुरेल एवढी जागाच नाही. एक राहील तर दुसरे राहणार नाही.

हा प्रकार आपणास नवा नाही. एन.आर.आय. संकुलालगतच्या त्या पाणथळ जागेचा वापर बदलून तेथे गोल्फचे मैदान व निवासी इमारती उभारण्याचा घाट घातला गेला, त्याविरुद्ध नागरिक न्यायालयात गेले, २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो वापरबदल रद्दबातल ठरविला, आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारी पोहोचले. न्यायप्रविष्ट बाबीवर मतप्रदर्शन करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ही जागा मुळी पाणथळच नव्हे, असा जो पवित्रा आपल्या महामंडळाकडून वेळोवेळी घेतला गेला त्याविषयी, प्रत्यक्ष स्थळपाहणी केलेला मनुष्य म्हणून, दोन शब्द लिहिणे मला प्राप्त आहे.

गेल्या माघात मी मुलाकडे गेलो असता भरतीची वेळ विचारून घेऊन तेथे जाऊन उभा राहिलो. ओहोटीच्या वेळी हे पक्षी ठाण्याच्या खाडीतील उघड्या चिखलावर चरत असतात. भरती येऊन तो चिखल बुडाला म्हणजे त्यांना पाय टेकण्यापुरते उथळ पाणी लागते, ते या आतल्या तळ्यांतच मिळते, आणि म्हणूनच खाडीच्या अभयारण्याचा जीव या लहानसहान तळ्यांत अडकलेला आहे, असे पक्ष्यांचे अभ्यासक सांगत आले आहेत. मी पाहिले ते एवढेच: बांधाच्या पोटातील एका अरुंद मोरीतून खारे पाणी आवाज न करता आत सरकत होते, त्याच्या कडेला निवट्या चिखलावरून टुणटुणत होत्या, आणि समोर शेकडो रोहित मान खाली घालून, चोच पार उलटी करून, पाणी गाळीत शांतपणे पुढे पुढे चालले होते. त्यांतली काही पिल्लावळ अजून राखाडी होती, कारण तो गुलाबी रंग जन्माचा नसून त्या पाण्यातील शेवाळाने आणि बारीक जीवांनी हळूहळू चढविलेला असतो. म्हणजे मोरी बुजविली की पाणी गेले, पाणी गेले की शेवाळ गेले, आणि माहितीपत्रकावरचा तो गुलाबी रंगही गेला. शेजारच्या डी.पी.एस. तलावाचे २०२४ च्या उन्हाळ्यात नेमके हेच झाले: भरतीच्या पाण्याची वाट अडली, तलाव आटला, आणि पक्षी जखमी होऊन व मरून पडल्याच्या वार्ता आम्ही नगरला बसून वाचल्या. पुढच्याच वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावास संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास संमती दिली, ही समाधानाची बाब होय. परंतु एका तळ्याला संरक्षण आणि लगतच्या तळ्याला चेंडू-काठी, ही वाटणी पाणी मानणार नाही, आणि पक्षी तर नाहीच नाही.

आता आपल्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, कारण सरकारी खुर्चीवर बसलेल्याची अडचण सरकारी खुर्चीवर बसलेल्यालाच कळते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडील नव्या नगराची कल्पना मांडली, तेव्हा देशावरून मुंबईकडे लोटणाऱ्या आमच्यासारख्यांना बेटावर कोंबण्याऐवजी पलीकडे मोकळ्या हवेत वसवावे, हाच तिचा गाभा होता. पारनेर-संगमनेरकडची किती घराणी गिरण्यांच्या ओढीने गेली आणि चाळीच्या खोलीत जन्म काढून परतली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या कल्पनेचे औदार्य सांगावयास नको. १९७० साली महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नगर वसवावयाचे ठरले. आणि खर्चाची तोंडमिळवणी जमिनीच्याच विक्रीतून करावयाची, असा शिरस्ता पडला. माझ्या मते सारे मूळ दुखणे येथेच आहे. ज्याचा संसार भूखंड विकून चालतो त्याला न विकलेला प्रत्येक भूखंड आळशी वाटू लागतो, मग तो भूखंड दिवसातून दोन वेळा समुद्र पोटात घेत का असेना.

महसूल दफ्तरात पोटखराबा म्हणून एक रकाना असतो. खडक, नाला, तळे, स्मशान, जे पिकत नाही आणि ज्यावर आकार बसत नाही ते सारे त्यात पडते. परंतु त्या रकान्याचेही दोन वर्ग आहेत, आणि त्यांतला ‘ब’ वर्ग सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेला असल्याने तो कोणीही नांगरू नये असा दंडक आहे. गावच्या तळ्यापासून सरकारला एक छदामही मिळत नाही, म्हणून ते विकावयास काढण्याचे धाडस इंग्रज कलेक्टरानेही सहसा केले नाही. नेरुळच्या त्या किनाऱ्यावरील खाजणाला याहून वेगळा न्याय लावावयाचे कारण मला दिसत नाही. शिवाय ती जमीन आपल्याकडे वारसाने आलेली नसून आगरी-कोळी रयतेकडून सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतलेली आहे. त्या संपादनाच्या विरोधात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार होऊन पाच माणसे हुतात्मा झाली, आणि त्या रक्ताच्या किमतीवर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पदरात पडली. सारसोळे आणि दिवाळे येथील कोळ्यांना सार्वजनिक काम म्हणून सांगितलेल्या जमिनीवर सभासदत्वाच्या शुल्काशिवाय पाऊल टाकता येणार नाही असे मैदान करावयाचे असेल, तर ‘सार्वजनिक’ म्हणजे कोण, याची एखादी यादी तरी नोटीस-बोर्डावर लावावी.

गोल्फशी माझे वैर नाही. स्कॉटलंडात तो खेळ वाढला तो समुद्रालगतच्या वाळूच्या टेकाडांवर, जेथे नांगर चालत नव्हता आणि घर उभे राहत नव्हते. पावसाने गवत वाढविले, मेंढ्यांनी आणि सशांनी ते कातरले, आणि जमिनीने स्वतःहून जो उंचसखलपणा दिला तोच खेळाडूंनी मानला. सेंट अँड्र्यूजला १७६४ साली अठरा खळग्यांचा प्रघात पडला तोही जमिनीच्या सोयीने. त्या खेळाची सारी शोभा जमीन जशी आहे तशी स्वीकारण्यात होती; भराव टाकून, खारे पाणी हाकलून, वर गोडे पाणी शिंपडून केलेली हिरवळ ही त्या खेळाची विटंबनाच म्हणावी लागेल. आणि खेळायचेच असेल, तर खारघरच्या खोऱ्यात डोंगराच्या पायथ्याशी आपल्याच महामंडळाने एक मैदान तयार केलेले आहे. नेरुळहून तेथे जावयास मोटारीने वेळ तो किती लागणार?

आम्हा नगरकरांना पाण्याकाठच्या ऐश्वर्याचा अनुभव नाही असे समजू नये. निजामशाहीच्या वैभवकाळी कुंडलिकेच्या मुखावरचे चौल हे आमचेच बंदर होते, आणि त्याच्यासमोर पोर्तुगीजांशी आमच्या सुलतानांनी निकराच्या लढाया दिल्या. तेव्हा मुलाच्या आग्रहाखातर कोकणच्या किनाऱ्याकडे निघालेला मी काही पहिला नगरकर नव्हे. पण नगरपासून हाकेच्या अंतरावर फराहबाग आहे, तिची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तलावाच्या मधोमध उभा केलेला तो अष्टकोनी महाल १५८३ साली पुरा झाला. जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पर्जन्यछायेच्या मुलखात तो तलाव भरावा म्हणून दुरून खापरी नळांनी पाणी आणले होते, आणि चोहोबाजूंनी जलदर्शन घडावे म्हणून महालाला आठही अंगांनी कमानी ठेवल्या होत्या. नळ फुटले, झरे बुजले, तलाव कोरडा पडला. कमानी आजही शाबूत आहेत, गवंड्याचे काम वाखाणण्यासारखे आहे. मात्र त्यांतून पाहावे तो समोर बाभळी. बांधणाऱ्याने भिंतीवर जेवढा पैसा ओतला त्याच्या दशांशानेही पुढे कोणी पाण्याची वाट राखली नाही.

यास्तव माझ्या विनंत्या मोजक्या आणि दप्तरी स्वरूपाच्या आहेत. नेरुळ किनाऱ्यावरील सर्व भरतीची तळी नकाशात पाणथळ म्हणून दाखवावीत आणि त्यांचे क्षेत्र विक्रीयोग्य भूखंडांच्या यादीतून कायमचे वगळावे. प्रत्येक मोरी कोठे आहे, तिची साफसफाई कोणी व केव्हा करावयाची, याची जबाबदारी एका नामनिर्देशित अधिकाऱ्यावर सोपवून तसा फलक जागेवर लावावा. निवट्या-चिंबोऱ्या धरण्यास येणाऱ्या कोळणींची वहिवाट लेखी मान्य करावी. आणि आपल्या अखत्यारीतील जमिनीसमोर घरे विकणाऱ्या प्रत्येकाने माहितीपत्रकात त्या जमिनीचा मंजूर वापर आणि तिच्यावरील चालू दावे ठळक अक्षरांत छापावेत, अशी अट घालावी. या शेवटच्या अटीने काही जणांचे भाव उतरतील, हे मी जाणतो, उतरू द्यावेत.

सावेडीच्या घराला गिऱ्हाईक आले आहे, आणि तिकडील सदनिकेचा इसार देण्यास मला तूर्त मुदत मिळालेली आहे. त्या सदनिकेच्या पश्चिमेच्या खिडकीसमोरील जमिनीचा वापर पुढील विकास आराखड्यात काय राहणार आहे, एवढ्या एका प्रश्नाचे लेखी उत्तर आपल्या सहीशिक्क्यानिशी मिळावे. उत्तर पाणी असे आले, तर इसार देईन. हिरवळ असे आले, तर मुलालाच सुट्टीत इकडे बोलावीत जाईन, आणि त्याच्या आईची समजूत घालण्याचे काम माझे. उत्तर आलेच नाही, तर त्याचाही अर्थ लावण्याइतकी नोकरी मी केलेली आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त महसूल कर्मचारी
सावेडी, अहिल्यानगर