साडी नको, रात्री नऊची वेळ द्या

बायकांना रॅप जमत नाही असं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांनी संध्याकाळच्या स्लो लोकलचा लेडीज डबा कळव्याला थांबताना पाहिलेला नाही. दारात पाय रोवून उभ्या असलेल्या दिव्याच्या बाईकडे कळव्याच्या बाईने उतरायला वाट मागावी आणि मग दोघींच्या तोंडाचे पट्टे ऐकावेत. गाडी थांबते किती, आणि तेवढ्यात एकमेकींच्या सात पिढ्यांचा हिशेब, तोही तालात. पोरांनी हेच स्टेजवर केलं की त्याला बॅटल म्हणतात आणि शिट्ट्या पडतात.

म्हणजे तोंड आहे. नाही तो कट्टा. रॅप क्लास लावून येत नाही. चार जणांनी कोंडाळं करायचं, एकाने तोंडाने ठेका धरायचा, बाकीच्यांनी आळीपाळीने शब्द टाकायचे, चुकायचं, हसं करून घ्यायचं, उद्या पुन्हा यायचं. कळव्याच्या खारेगावात, विटाव्यात रात्री साडेनऊला पोरं हे बिनधास्त करतात. त्याच कोपऱ्यावर चार मुली उभ्या राहू द्या. दहा मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी खाली उतरतात, ‘कोणाची गं तू?’ शेजारच्या काकू घरी फोन करतात. वर हेच सेक्रेटरी विचारणार, मुली पुढे का येत नाहीत!

तरीही काही रॅपर मुली पुढे आल्याच. शेजारच्या कल्याणमधून दीपा उन्नीकृष्णन ऊर्फ डी एमसी आली. गोवंडीच्या रिक्षाचालकाची मुलगी सानिया मिस्त्री आली. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ऊर्फ माही जी आदिवासींच्या जंगलावर आणि उन्हात राबणाऱ्या मजुरांवर रॅप करते. ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ या मुंबईच्या गटात तर रॅपर, ब्रेकडान्स करणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या अशा सगळ्याच मुली आहेत. पण आमची वर्तमानपत्रं दरवर्षी नव्याने एखादी ‘गली गर्ल’ शोधतात. मुलगी स्वतःच्या नावाने ओळखली जाणार नाही, पोरांच्या सिनेमाच्या नावाने जाणार. तो सिनेमा तरी काय? 2019 च्या ‘गली बॉय’मध्ये सगळ्यात जहाल जीभ सफीनाची. ती बाटली फोडते, पण रॅपची दोन कडवी तिच्या वाट्याला येत नाहीत.

आमच्या भागातल्या एका मंडळाने नवरात्रात एका मुलीला रॅप करायला बोलावलं होतं. वेळ कोणती? सहाची. रांगोळीचं बक्षीस वाटप आणि ‘खेळ पैठणीचा’ यांच्या मधली. बॅकिंग ट्रॅक पेनड्राइव्हवर आणला होता तो साउंडवाल्याने लावलाच नाही, कारण तो वडापाव खायला गेलेला. कार्यकर्ते कानाशी येऊन म्हणाले, ‘ताई, जरा सभ्य काहीतरी घ्या, आया-बहिणी बसल्यात.’ तिने हुंड्यावर म्हटलं, टाळ्याही पडल्या. मानधन म्हणून साडी. नऊला दोन पोरं आली, त्यांनी आयाबहिणींचाच उद्धार केला, आणि त्यांना पाकीट मिळालं. तेव्हा मात्र समोर बसलेल्या आया-बहिणींची कोणाला आठवण झाली नाही.

बाईचं धारदार बोलणं आम्हाला आवडतं, पण ते जात्यावरचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात नवरा, सासर, जात कोणालाही सोडलेलं नाही. आम्ही त्यांवर व्याख्यानं ठेवतो, डोळे पुसतो. का नाही ठेवणार? त्या ओव्या पहाटे, पुरुष झोपलेले असताना म्हटल्या गेल्या. माइक नव्हता.

माइक हातात घेतलेल्या बायका पाहायच्या तर सेनेगलला चला. तिथे ‘अलीफ’ हा मुलींचा रॅप गट नव्वदच्या दशकातच उभा राहिला. तिथलीच रॅपर सिस्टर फा. लहानपणी तिची स्वतःची सुंता झालेली. 2008 साली ती प्रथा थांबवा म्हणत, रॅप करत ती देशभर फिरली. तोंडावर काय बोललं जात असेल याची कल्पना करा. कळव्यात तिला मंडळाने आधी शब्द लिहून मागितले असते.

तेव्हा 8 मार्चचे हारतुरे राहू द्या. भोंगे दहाला बंद होतात, म्हणजे गर्दीची खरी वेळ नऊची. ती रॅप करणाऱ्या मुलीला द्या. मानधन आधी लेखी ठरवा, साउंडवाल्याला जागेवर बसवा, आणि कार्यक्रम संपल्यावर तिला घरी सोडायला गाडी ठेवा. पाहुण्या नगरसेवकांसाठी ठेवता तशीच.