दुकान कोणाच्या जागेत थाटावे?

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा व्यापार हा त्या नगररचनेचा पायाच होता. सरळ, रुंद रस्ते, त्यांच्या दुतर्फा एकसारख्या दुकानांच्या रांगा आणि आतल्या गल्ल्यांतून एकेका व्यवसायाची वस्ती, अशी ती आखणी. मणिहारों का रास्ता येथे लाखेच्या बांगड्या, ठठेरों का रास्ता येथे धातूची भांडी, तर जोहरी बाजारात रत्ने व दागिने. २०१९ साली युनेस्कोने या नगरास जागतिक वारशाचा दर्जा दिला. दुकानांचे दर्शनी भाग एकाच धाटणीचे असले, तरी गिऱ्हाईक दुकानदाराला नावाने ओळखते आणि दुकानदार गिऱ्हाइकाला घराण्याने ओळखतो. तीन शतके चालत आलेल्या या व्यापाराचे खरे भांडवल हीच ओळख आहे.

आज याच शहरातील रजईवाला, सांगानेरचा छापील कापडाचा व्यापारी किंवा ब्लू पॉटरीचा छोटा कारखानदार इंटरनेटवर दुकान थाटू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. कोणी म्हणते मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत जा, कोणी म्हणते स्वतःचे संकेतस्थळ कर. सल्ला फुकट असतो आणि तो देणारे पुष्कळ असतात. बहुतेकांची चर्चा ‘सर्वांत स्वस्त काय?’ येथेच संपते. वास्तविक विचारावयास हवा तो प्रश्न वेगळा आहे : माल विकला गेल्यानंतर ते गिऱ्हाईक कोणाचे राहते?

जागेचे चार प्रकार

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारपेठा म्हणजे जत्रेतील गाळा. गर्दी आयती मिळते, पैसे वसूल करण्याची आणि माल पोहोचविण्याची व्यवस्था तयार असते. मात्र गाळ्याचे नियम, कमिशन आणि रांगेतील स्थान जत्रेचा मालक ठरवितो. गिऱ्हाइकाच्या मनात नाव राहते तेही जत्रेचे.

दुसरा प्रकार भाड्याच्या तयार दुकानाचा. शॉपिफायसारख्या सेवेत दरमहा भाडे भरले की मांडणी, मालाची यादी व पैसे स्वीकारण्याची सोय असलेले दुकान उभे राहते. पाटी आपली असते. गर्दी मात्र आपल्यालाच जमवावी लागते. तिसरा प्रकार स्वतः बांधलेल्या दुकानाचा. वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स हे मूळ सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. पण सर्व्हरची जागा, सुरक्षितता आणि डागडुजी यांचा भार मालकावर पडतो. घरात तांत्रिक जाण असलेले माणूस नसेल, तर हे ‘विनामूल्य’ दुकान सर्वांत महाग ठरू शकते.

चौथा पर्याय अलीकडचा. केंद्र शासनाच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी ‘ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स’ अर्थात ओएनडीसी ही ना-नफा तत्त्वावरील कंपनी स्थापन झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत तिचा प्रायोगिक आरंभ झाला. ही एकच बाजारपेठ नसून अनेक दुकाने व अनेक खरेदीदार ॲप यांना जोडणारे जाळे आहे. विक्रेत्याने एका ठिकाणी नोंदणी केली की त्याचा माल वेगवेगळ्या ॲपवर दिसू शकतो. कल्पना लहान विक्रेत्याच्या हिताची आहे. तथापि आपला माल त्यावर प्रत्यक्ष किती खपतो, हे पाहूनच तिच्यावर विसंबावे.

मालाचा स्वभाव

जागा निवडण्यापूर्वी मालाचा स्वभाव ओळखावा. सांगानेरची छपाई पांढऱ्या वा फिक्या वस्त्रावरील नाजूक फुलांसाठी, तर बगरूची छपाई मातीच्या लेपाने रंग अडविणाऱ्या ‘दाबू’ पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. दोहोंना भौगोलिक निर्देशांक लाभला आहे. लाकडी ठसा हाताने उमटविताना एका ठशाचा दुसऱ्याशी सांधा किंचित हलतो, रंग कोठे गडद तर कोठे फिका उतरतो. जाणकाराच्या दृष्टीने ती हातकामाची खूण असते. बाजारपेठेच्या पडद्यावर मात्र याच कापडाशेजारी यंत्रावर छापलेली, निम्म्या किमतीची, तंतोतंत सारखी नक्कल उभी राहते. छायाचित्रात दोन्ही सारखीच दिसतात. मग निवड किमतीवर होते आणि ज्याने हातछपाई घेतली तोही रंगातील फरक दोष समजून माल परत पाठवितो.

म्हणून ज्या मालाचे मोल समजावून सांगावे लागते, त्या मालाला बोलण्यास जागा देणारे दुकान हवे. ठसा कसा कोरला जातो, रंग कसा चढतो, हे सांगणारे एक पान, एखादी चित्रफीत आणि कारागिराच्या गावाचा उल्लेख ही तेथे सजावट न राहता विक्रीची साधने होतात. याउलट ठरावीक मापाच्या कुर्त्या, साध्या चादरी असा प्रमाणित माल जत्रेत चांगला खपतो. त्याला गर्दी हवी असते, गोष्ट नको असते.

जयपुरातच या दोन्ही वाटांची मोठी उदाहरणे आहेत. ‘जयपूर कुर्ती’ ही नाममुद्रा चालविणारी नंदनी क्रिएशन ही कंपनी ऑनलाइन बाजारपेठांतील विक्रीवर वाढली, २०१६ साली राष्ट्रीय शेअर बाजाराच्या लघु व मध्यम उद्योगांसाठी असलेल्या ‘इमर्ज’ मंचावर पोहोचली आणि तिने स्वतःचे संकेतस्थळ व दुकानेही उभारली. दुसरीकडे १९८० साली सुरू झालेल्या वैभव ग्लोबलने रत्ने व दागिन्यांच्या घाऊक निर्यातीच्या पुढे जाऊन अमेरिका व ब्रिटनमधील गिऱ्हाइकांपर्यंत स्वतःच्या दूरचित्रवाणी वाहिन्या व संकेतस्थळांद्वारे थेट पोहोचण्याचा मार्ग धरला. आकाराने या कंपन्या लहान दुकानदाराच्या तुलनेत फारच मोठ्या. पण गिऱ्हाइकाशी स्वतःचे नाते जोडण्याची गरज दोघींनाही वाटली, हे लक्षणीय आहे.

हिशेब काय सांगतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जयपुरी रजईची विक्री किंमत २,००० रुपये आहे. बाजारपेठेत कमिशन, शुल्क व वाहतूक मिळून नगामागे ५०० रुपये जातात असे धरू. स्वतःच्या दुकानात पेमेंट गेटवेचे ४०, कुरिअरचे १५० व जाहिरातीचे ११०, असे नगामागे ३०० रुपये लागतात. शिवाय दुकानाचे भाडे व देखभाल दरमहा ३,००० रुपये. नगामागे बचत २०० रुपये. म्हणजे महिन्याला १५ रजया खपल्या की भाडे निघाले. सोळाव्या रजईपासून स्वतःचे दुकान अधिक लाभाचे.

येथवर गणित गोड वाटते. आता एकच आकडा बदलू. नवे गिऱ्हाईक मिळविण्यासाठी जाहिरातीवर नगामागे ११० ऐवजी ३०० रुपये खर्च झाले, तर एकूण खर्च ४९० रुपयांवर जातो आणि बचत उरते अवघी १० रुपये. तेवढेच भाडे काढण्यास आता ३०० रजया विकाव्या लागतील! स्वतःच्या दुकानाचा नफा भाड्यापेक्षा जाहिरातीवर अवलंबून असतो, हे यातून स्पष्ट व्हावे. आणि जाहिरातीचा खर्च कमी करणारी हुकमी गोष्ट एकच : परत येणारे गिऱ्हाईक. त्याला दुसऱ्यांदा बोलाविण्यास जाहिरात लागत नाही, एक संदेश पुरतो. तो संदेश पाठविण्यासाठी त्याचा पत्ता आणि संमती आपल्यापाशी हवी. बाजारपेठा ती माहिती सहसा हाती लागू देत नाहीत आणि त्यांचे गिऱ्हाईक बाहेर वळविण्यास त्यांच्या नियमांत मनाई असते. सुरुवातीचा प्रश्न येथे रुपयांत उतरतो.

दुसरा हिशेब खेळत्या भांडवलाचा. महिन्याला १०० रजया आणि प्रत्येकीचा उत्पादनखर्च १,२०० रुपये असेल, तर विक्रीचे पैसे १५ दिवस उशिरा आल्याने सुमारे ६०,००० रुपये अडकून पडतात. त्यात ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च्या परत आलेल्या मालाची भर पडली, तर नफ्यातील धंदाही रोकडीअभावी गुदमरतो. म्हणून प्लॅटफॉर्म निवडताना कमिशनच्या दराबरोबरच पैसे कितव्या दिवशी खात्यात जमा होतात आणि परतीचा वाहतूक खर्च कोण सोसतो, हे लेखी पाहावे.

कायद्याची बाजू

बाजारपेठेवरून परराज्यात माल विकावयाचा, तर उलाढाल लहान असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. केवळ स्वतःच्या राज्यातील विक्रीसाठी मर्यादेखालील छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींसह सवलत मिळाली आहे. बाजारपेठ विक्रीच्या रकमेतून जीएसटीपोटी जे संकलन करते, त्याचा दर १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्धा टक्का झाला. प्राप्तिकराची कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली. या रकमा खर्च नव्हेत. विवरणपत्र भरताना त्यांचे श्रेय मिळते. पण हिशेब नीट ठेवला नाही, तर हक्काचा पैसा विसरला जातो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये वस्तूचा मूळ देश, माल परतीच्या अटी व तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे ही जबाबदारी आली आहे. पैसे स्वीकारणारी मध्यस्थ संस्थाही रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत बसणारी असावी. मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा संस्थांना व्यापाऱ्यांची रक्कम बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक केले. ‘सर्वांत कमी दर’ देणाऱ्या अनोळखी मध्यस्थापेक्षा अधिकृत संस्था बरी.

जागाच गेली तर?

फुकट ते पौष्टिक, असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. गूगलने लहान व्यावसायिकांना त्यांच्या व्यवसाय-नोंदीसोबत विनामूल्य संकेतस्थळे दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेची भारतातील बाजारपेठ बंद झाली. बाझी या भारतीय संकेतस्थळाची २००४ साली खरेदी करून तिने येथे बस्तान बसविले होते. तेथील विक्रेत्यांचे नाव, ग्राहकांचे अभिप्राय, वर्षानुवर्षांची पत हे सारे त्या जागेशी जोडलेले होते. जत्रा उठली की गाळ्याचा पत्ता उरत नाही.

याचा अर्थ लहान उद्योजकाने जत्रेत जाऊच नये, असा नाही. ज्याला अद्याप आपला खप ठाऊक नाही, त्याने बाजारपेठेतच आरंभ करावा. कोणता माल चालतो, किती परत येतो, कोणत्या प्रांतातून मागणी येते, याचे शिक्षण तेथे कमी भांडवलात मिळते. मात्र पहिल्या दिवसापासून काही गोष्टी स्वतःच्या नावावर असाव्यात. दुकानाच्या नावाचे डोमेन स्वतःच्या नावे नोंदवावे. ते संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर राहू देऊ नये. मालाची छायाचित्रे व वर्णने स्वतःपाशी जपावीत. जेथे गिऱ्हाईक थेट येते, तेथे संमतीने त्याची नोंद ठेवावी. कोणतीही सेवा घेण्यापूर्वी मालाची, मागण्यांची व ग्राहकांची यादी तेथून उतरवून नेता येते किंवा नाही, हे विचारून घ्यावे. न्यावयाची सोय नसेल, तर ते दुकान कितीही देखणे असो, तो पिंजराच होय.

विक्रीचे सर्व पैसे उद्योगाच्या नावे असलेल्या चालू खात्यातच यावेत, हेही तितकेच महत्त्वाचे. घरच्या बचत खात्यात मिसळलेली विक्री नंतर वेगळी करता येत नाही. वर्षभराची नियमित जमा दाखविणारा खातेउतारा आणि त्याच्याशी जुळणारी जीएसटी विवरणपत्रे ही कर्जाच्या अर्जात उद्योजकाची बाजू शब्दांपेक्षा अधिक भक्कमपणे मांडतात. प्लॅटफॉर्म उद्या बदलेल. पतीचा हा इतिहास उद्योजकाबरोबर जाईल.

जयपूरच्या रजईला जे लागू पडते, तेच येवल्याच्या पैठणीला, कोल्हापूरच्या चपलेला आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनाही लागू आहे. हातकामाचा माल किमतीच्या शर्यतीत उतरला की आधी कारागिराची मजुरी घटते आणि मग कारागीरच घटतो. विक्रीची जागा निवडणे हा वरकरणी तांत्रिक निर्णय. परंतु त्यावर ठसा मारणाऱ्या हाताचे पोट अवलंबून आहे. म्हणून गर्दीसाठी जत्रा जरूर करावी, पण गिऱ्हाइकांची वही स्वतःच्या गल्ल्यातच ठेवावी.