कोळी मोजा, मग पेटीचे भाडे ठरवा



माल काट्यावर चढला की आपण काट्यावरची नजर हलवत नाही. पण कांद्याच्या बियाण्यासाठी, डाळिंबाच्या बहारासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतो तेव्हा नुसत्या पेट्या मोजतो. आतल्या माश्या निरोगी आहेत का, हे विचारतही नाही.

आत वरोआ कोळी असू शकतो. तांबूस, चपटा, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. २००० साली शास्त्रज्ञांनी त्याला 'डिस्ट्रक्टर', म्हणजे विध्वंसक, असे नाव दिले; ते उगीच नाही. आपली सातेरी त्याला जुनी ओळखते. ती त्याला अंगावरून काढून टाकते, आणि तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो. परदेशी मेलिफेराच्या मात्र कामकरी माश्यांच्या घरांतही वाढतो आणि विषाणू पसरवतो. चुरगळल्या पंखांच्या माश्या पेटीपुढे सरपटू लागल्या, म्हणजे फार उशीर झाला.

नुसते पाहून भागत नाही, कारण कोळी माशीच्या पोटाखाली दडतो. मोजणीला प्रयोगशाळा नको, साहेबही नको. पिल्लांच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे तीनशे माश्या, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात. राणी त्यात नाही ना, हे आधी पाहावे. दोन चमचे पिठीसाखर टाकून मिनिटभर बरणी हलक्या हाताने फिरवावी, थोडा वेळ सावलीत ठेवावी, मग पांढऱ्या ताटात झटकावी. साखरेवर पाणी शिंपडले की कोळी उघडे पडतात. नऊ निघाले तर शेकडा तीन. एवढ्यावर अनेक देशांतले मधपाळ उपाय सुरू करतात. माश्या जिवंत परत जातात. बंद घरांतले कोळी या मोजणीत येत नाहीत. म्हणून नरांची काही घरे उकरूनही पाहावीत.

न मोजता औषधाच्या पट्ट्या टांगणे हा शुद्ध तोटा. पैसा जातो, औषधाचा अंश मेणात उरतो आणि पुढे कोळी त्या औषधाला दाद देईनासा होतो. इतर देशांत हे घडून गेले आहे.

मधपाळ हाही शेतकरीच. मोजून दाखवलेल्या पेटीला त्याने चढे भाडे मागावे आणि आपण ते द्यावे. फुलोऱ्यात आपण फवारणी करून त्याच्या माश्या मारणार नाही, हेही त्याच कागदावर लिहून द्यावे.

बैठकीला येणाऱ्या मधपाळांनी बरणी आणावी. गाळण्याची जाळी चालत नाही, तीत कोळी अडकतो; अडीच-तीन मिलिमीटर भोकांची हवी.