मातृभाषा कोणाची?

2025 च्या एप्रिल महिन्यात पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा सरकारी निर्णय निघाला आणि साऱ्या महाराष्ट्रात वादळ उठले. सहा वर्षांच्या मुलावर घराबाहेरील भाषेचे ओझे लादणे हा अन्याय आहे, असे आम्ही मराठी लोकांनी ठणकावून सांगितले. आणि 29 जून रोजी सरकारास माघार घ्यावी लागली. आमचे म्हणणे खरे होते, ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की हे तत्त्व आम्ही तत्त्व म्हणून मानतो, की केवळ आपल्या घरापुरते?

ह्या प्रश्नाची परीक्षा यवतमाळ जिल्ह्यात होते. केळापूर, मारेगाव, झरी जामणी ह्या तालुक्यांत कोलामांची पोडे आहेत. ज्या पोडांत कोलामी अजून घरात नांदते, तेथील मूल पाण्यास ‘ईर’ म्हणत शाळेत येते, आणि तेथे त्यास पहिल्या दिवसापासून ‘पाणी’ वाचावयास लावतात. हिंदी आणि मराठी ह्या सख्ख्या बहिणी; लिपी एक, निम्मेअधिक शब्दभांडार एक. कोलामी मात्र द्राविडी कुळातील, तेलुगू व गोंडी ह्यांच्या गोतातील. म्हणजे जी हिंदी आमच्या मुलांस जड होईल म्हणून आम्ही ओरडलो, तिच्याहून कितीतरी परकी मराठी आम्ही कोलामाच्या मुलावर निःशंकपणे लादतो, आणि ते मूल गप्प बसले म्हणजे त्यास मंदबुद्धी ठरवितो.

कोणी म्हणतील, कोलामीस लिपी नाही. मराठीने देवनागरी लिपी काय स्वतः निर्माण केली? जी लिपी आम्हांस संस्कृतापासून लाभली, ती कोलामीस उसनी देण्यात आमचे काय जाते? कोणी म्हणतील, बोलणारे थोडे. ओडिशात 2006-07 पासून जुआंग, बोंडा अशा अगदी लहान समाजांच्या भाषांतूनही पहिले धडे देण्यात येऊ लागले. कोणी म्हणतील, कोलाम आईबापांसच मराठी हवी आहे. हवीच! पण ती हिसकावून न घेता देता येते. आरंभी कोलामी, तिच्या हातात हात घालून मराठी, आणि मूल धीट झाले की मराठीचा भाग वाढता. द्विभाषिक शाळा म्हणतात ती हीच. शिक्षकाचे म्हणाल, तर पोडातील शिकलेला तरुण अथवा तरुणी वर्गात बसविणे हे काही अशक्य कोटीतील काम नव्हे. कोठे एखादा तळमळीचा गुरुजी आपण होऊन चार कोलामी शब्द शिकतो, कोठे एखादी पुस्तिका निघते. पण व्यक्तीच्या सौजन्यावर सोडलेली गोष्ट ही व्यवस्था नव्हे. ‘द्विभाषिक’ हा शब्द सरकारास अपरिचित आहे असेही नाही. पहिलीच्या पुस्तकांत मराठीच्या शेजारी इंग्रजी शब्द त्यानेच छापले. इंग्रजीस जी जागा मिळाली, ती कोलामीस का मिळू नये?

कायद्याची उणीव नाही. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हे कलम 1956 मध्ये राज्यघटनेत आले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितले. प्रत्येक ठिकाणी ‘शक्य तेथे’ अशा अर्थाची पळवाट आहे, आणि कोलामांच्या वाट्यास नेमकी तीच येते.

2019 च्या जानेवारीत यवतमाळ नगरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. 2024 मध्ये मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला. दोन्ही प्रसंगी आम्हांस आनंद झाला. परंतु थोरली म्हणविणाऱ्या भाषेने धाकटीचा घास काढून घेऊ नये. इंग्रजीपुढे आणि हिंदीपुढे आम्ही जे मागितले, ते कोलामांस देण्याची पाळी आता आमची आहे. ती आम्ही टाळली, तर उद्या मातृभाषेच्या नावाने आम्ही केलेल्या आक्रोशात स्वार्थाखेरीज काही नाही, असे कोणी म्हणाल्यास त्यास उत्तर देण्यास आम्हांस तोंड राहणार नाही.