पाटी पुसली, अक्षरं राहिली!

लहानपणी शाळेत ओलं फडकं न्यायला विसरलं, की आपण पाटी हातानंच पुसायचो. मग मागचे आकडे फिकट का होईना, दिसत राहायचे. त्यावरच नवे पाढे लिहिले की बाई विचारायच्या, "हा तीन आहे की आठ?" मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात अगदी तश्शीच पाटी माझ्या पुढ्यात आली. फरक एवढाच, की ही पाटी ७८,००० रुपयांची होती!

नवीन लॅपटॉप घ्यायचा हे आमच्याकडे दोन वर्षं चाललं होतं. ह्यांचं म्हणणं, साधासा घेतला तरी काम भागेल. पण शाळेचे गुणतक्ते, प्रश्नपत्रिका, शिवाय चिरंजीव नववीत. दोन वर्षांनी त्यालाही लागणारच. तेव्हा एकदाच चांगला घेऊ, हा हट्ट माझा. अर्धवेळ नोकरीतले साठवलेले पैसे आणि भिशीचा लागलेला नंबर, दोन्ही त्यात घातले. त्यामुळे कौतुक झालं तर माझं आणि बिघडला तर ऐकून घ्यायचं तेही मलाच, हे ठरलेलंच होतं.

आणून जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या रात्री सातवी ब चे सहामाहीचे गुण भरत बसले होते. उत्तरपत्रिका चाळून गुण भरताना पडदा सारखा मिटायचा, म्हणून तो मिटूच नये अशी सोय मीच सेटिंगमध्ये जाऊन करून ठेवली होती. साडेदहाला सासूबाईंना औषध द्यायला उठले, आणि तशीच जाऊन आडवी झाले. लॅपटॉप रात्रभर तसाच उघडा, चार्जरला लावलेला, आणि पडद्यावर माझा तक्ता.

सकाळी तक्ता बंद केला, प्रश्नपत्रिकेसाठी कोरं पान उघडलं, तर पानावर फिकट करड्या रेघा! उभ्या, आडव्या, मध्ये पुसटसं काहीतरी लिहिलेलं. पान बंद केलं, दुसरं उघडलं, तरी तेच. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तरी रेघा जागच्या जागी. पोटात धस्सच झालं.

आणि मग मी काय केलं असेल? आपण सगळ्या आया करतो तेच. चिरंजिवांना हाक मारली. आदल्या संध्याकाळी तो त्यावर गेम खेळत होता. "एवढी महागाची वस्तू, तुला हात लावू दिला हेच चुकलं माझं!" इथपासून सुरुवात झाली, ती पार त्याच्या गणिताच्या मार्कांपर्यंत पोचली. तो काही बोलला नाही. डबा घेऊन शाळेत निघून गेला.

तो गेल्यावर मी आणखी एक शहाणपणा केला. ओल्या फडक्यानं पडदा पुसला. रेघा गेल्या नाहीत, म्हणून आरशावर मारायचा निळा फवारा आणला आणि जोर देऊन घासला. हे दोन्ही करू नये, ते का, हे पुढे सांगते. चहाच्या वेळी ह्यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आपला जुना काय वाईट होता?" ह्यावर काय बोलणार!

संध्याकाळी मुलगा आला. दप्तर टाकलं, पडद्यासमोर उभा राहिला, बराच वेळ निरखून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, माझ्या गेममध्ये सातवी ब चे हजेरी क्रमांक नसतात गं."

मी वाकून पाहिलं. खरंच की! एक ते चाळीस आकडे, शेजारी मराठी, हिंदी, गणिताचे रकाने. भूत होतं ते माझ्याच तक्त्याचं. सकाळी एवढं बोलले, पण डोळे उघडून नीट वाचायचे कष्ट मात्र मी घेतले नव्हते. त्याची माफी मागितली. आईनं मुलाची माफी मागायची रीत आपल्याकडे नाही, पण सकाळचं बोलणं सासूबाईंसमोर झालं होतं, म्हणून माफीही त्यांच्यासमोरच मागितली. मग आम्ही दोघं त्या भुताच्या मागे लागलो.

हे होतं तरी काय?

लॅपटॉपचे पडदे हल्ली मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिली जात एलसीडीची. माझा लॅपटॉप ह्यातलाच. ह्यात मागून पांढरा प्रकाश येतो आणि पुढे द्रवस्फटिकांचा एक पातळ थर असतो. विजेच्या इशाऱ्यानं ते स्फटिक वळतात आणि कुठे प्रकाश सोडतात, कुठे अडवतात. हे द्रवस्फटिक १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, आणि तेही कशात, तर गाजरातून मिळवलेल्या एका पदार्थात! तो पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ व्हायचा आणि १७८.५ अंशांना स्वच्छ. गाजरहलवा करताना माझ्या मनात हे आता हटकून येतं.

ह्या स्फटिकांना वीज एकाच दिशेनं मिळत राहू नये, म्हणून ती क्षणाक्षणाला उलटसुलट दिली जाते. त्यात थोडा असमतोल राहिला आणि एकच चित्र तासन्‌तास तसंच ठेवलं, तर आत विजेचा भार साचतो. चित्र बदललं तरी स्फटिक त्या साचलेल्या भारामुळे पुरते मोकळे होत नाहीत, आणि जुन्या चित्राची फिकट खूण दिसत राहते. पडद्याला विश्रांती मिळाली की भार ओसरतो आणि खूणही बहुधा जाते.

दुसरी जात ओलेडची. १९८७ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक ह्या संशोधकांनी ती जगापुढे आणली. ह्यात मागून प्रकाश नसतोच. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. रंग फार देखणे, काळा तर अगदी काजळासारखा. पण जो ठिपका जास्त उजळतो तो लवकर झिजतो, निळा तर सगळ्यांत आधी. एकाच जागी महिनोन्‌महिने तीच पट्टी, तेच चिन्ह राहिलं, की तेवढे ठिपके मंदावतात आणि तिथे कायमचा डाग दिसतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर एलसीडीवरची खूण म्हणजे साडीची घडी. साडी उलगडून वाऱ्यावर टाकली की मोडते. ओलेडवरचा डाग म्हणजे वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली रेशमी साडी घडीवर चिरावी तसा. ती काही केल्या सांधत नाही. म्हणून तर आपली आई वर्षातून दोन-तीनदा पैठणीची घडी बदलून ठेवायची. पडद्याचंही तेच आहे, बरं का!

आधी खात्री करा

घाबरून दुकानात धावण्याआधी घरच्या घरी इतकं पाहा.

चष्मा पुसायच्या मऊ कोरड्या कापडानं पडदा हलकेच पुसा. डाग गेला, तर ती नुसती धूळ किंवा बोटांचे ठसे होते.

लॅपटॉप तारेनं घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवरही तीच भुताची रेघ दिसली, तर दोष पडद्याचा नाही, आतल्या कामकाजाचा आहे. टीव्हीवर स्वच्छ आणि लॅपटॉपवरच दिसत असेल, तर दोष पडद्याचा.

मग पडदा रात्रभर बंद ठेवा. सकाळी पडदाभर साधा करडा रंग लावून पाहा. पांढऱ्या किंवा काळ्यापेक्षा करड्यावर खूण चटकन कळते. खूण गेली असेल, तर आता कसोटी. बुद्धिबळाच्या पटासारखं काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र दहा मिनिटं लावून ठेवा आणि पुन्हा करडा रंग आणा. रात्रभर चित्र ठेवल्यावर पडलेली खूण हा एक प्रकार झाला. पण दहा मिनिटांत पट उमटू लागला, तर पडदाच सदोष असण्याचा संभव मोठा.

आमच्या लॅपटॉपवरची रात्रीची खूण सकाळी गेली होती. मला हायसं वाटलं. मात्र कसोटीला लावला आणि दहाव्या मिनिटाला करड्या रंगावर चौसष्ट घरं स्पष्ट मोजता येत होती!

दुकान, केंद्र आणि मी

कंपनीला तक्रार लिहिली. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, चित्रात काही दोष दिसत नाही. मी पुन्हा पाहिलं, तर खरंच, स्क्रीनशॉट अगदी स्वच्छ! हे कोडंही मुलानंच सोडवलं. स्क्रीनशॉटमध्ये लॅपटॉपनं पडद्याकडे काय पाठवलं ते येतं. पडद्यानं काय दाखवलं ते येत नाही. म्हणजे साडीची पावती दाखवून साडीवरचा डाग सिद्ध करण्यासारखंच झालं. मग मोबाईलनं पडद्याचा फोटो काढला, आणि कसोटीची सबंध चित्रफीतही घेतली. शेजारी घड्याळ ठेवायची कल्पना मात्र माझी.

ते घेऊन सेवा केंद्रात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, असं होतं. नॉर्मल आहे." मी म्हटलं, "असेल. मग एवढंच कागदावर लिहून द्या. दहा मिनिटांत खूण उमटते आणि ते नॉर्मल आहे, असं. खाली सही आणि शिक्का." तो आत गेला. बाहेर आला तो तक्रारीचा अर्ज घेऊन. नऊ दिवसांनी पडदा बदलून मिळाला, वॉरंटीत असल्यामुळे एक पैसाही न देता. मी आवाज चढवला नव्हता, हे मुद्दाम सांगते. मागितला होता तो फक्त कागद.

ह्यातूनही काम झालं नसतं, तरी वाट होती. ग्राहकांसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, १९१५. तिथे आधी तक्रार नोंदवता येते. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तू दुसऱ्या गावाहून किंवा घरबसल्या मागवलेली असली तरी. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणून बिल, वॉरंटीचा कागद आणि झालेला पत्रव्यवहार एका पिशवीत, दागिन्यांच्या पावत्यांशेजारी ठेवा.

एवढं करा

– पाच-दहा मिनिटं हात लावला नाही तर पडदा आपोआप मिटेल, असं ठेवा. मी हीच सोय मोडली होती.
– पडदाभर हलतं चित्र लावणारा स्क्रीनसेव्हर पूर्वीच्या काचेच्या नळीच्या पडद्यांसाठी निघाला होता. एलसीडीला तो चालेल, पण पडदा मिटलेला सगळ्यांत उत्तम.
– प्रकाश खोलीपुरता ठेवा. दिवसभर शंभर टक्क्यांवर नको. ओलेडला तर मुळीच नको.
– ओलेड असेल तर खालची पट्टी आपोआप लपेल अशी ठेवा, मागचं चित्र अधूनमधून बदला आणि काळी पार्श्वभूमी वापरा. काळ्या जागी तिथले ठिपके विझलेलेच असतात, म्हणजे तेवढी झीज वाचते.
– एलसीडीवर खूण पडलीच तर पडदा काही तास बंद ठेवा, किंवा पडदाभर पांढरं पान अथवा हलतं चित्र थोडा वेळ लावा.

आणि हे करू नका

– घासू नका, दाबू नका. खूण काचेवर नसून आत असते. घासून ती जाणार नाही, उलट वरचा लेप जाईल आणि दाबामुळे नवे डाग पडतील.
– आरशाचा फवारा, स्पिरिट, साबणाचं पाणी पडद्यावर नको. फवारा कडेनं आत उतरला तर वॉरंटीलाही मुकाल. माझा पडदा ह्यातून वाचला, हे केवळ नशीब.
– खूण स्वतःहून जाते म्हणून वॉरंटी संपेपर्यंत थांबू नका. दोष वरचेवर येत असेल तर पहिल्याच महिन्यात लेखी कळवा.

नवा पडदा येऊन आता महिना होत आला. कसोटी पुन्हा घेतली. दहा मिनिटांनंतरही करडा रंग स्वच्छ. ह्यांनी परवा त्यावरच विजेचं बिल भरलं आणि "बरा आहे की" असं म्हणाले, म्हणजे तो विषय मिटला.

राहता राहिले चिरंजीव. माफी मागितल्यावर मला वाटलं होतं झालं गेलं विसरून गेला असेल. पण परवा हाताशी काचेचा पेला फुटला, तर मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "आई, आधी नीट बघ, मग बोल." पेला त्यानंच फोडला होता! तरी मी आधी नीट पाहिलं, काचा गोळा केल्या आणि मगच बोलले.