लगाम पेशीला आणि बाजारालाही

मानवी भ्रूणातील मूलपेशी आपले विभाजनचक्र सुमारे १६ तासांत पुरे करते; कारण विभाजनापूर्वीच्या तयारीचा पहिला टप्पा ती झटपट उरकते. तिची स्नायूपेशी वा चेतापेशी होऊ लागली, की हा टप्पा लांबतो. गतीला लगाम बसतो. तत्पूर्वीच ती शरीरात सोडल्यास गाठ होण्याचा धोका संभवतो.

बाजारात मात्र ‘मूलपेशी’ हे नावच विकले जाते. रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचा वापर मान्य चाचणीबाहेर करू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली बजावले. चाचणीत रुग्णाकडून शुल्क घ्यावयाचे नसते. नाशिकच्या एखाद्या कारकुनाने आजारी मुलासाठी भविष्यनिर्वाह निधी मोडण्यापूर्वी एवढी कसोटी अवश्य लावावी: पैसे मागितले गेले, तर ती चाचणी नव्हे.