गल्ल्यापर्यंत एक वायर

कार्ड मशीनवर ‘प्लीज वेट’ अशी अक्षरं आली की काउंटरच्या दोन्ही बाजूंचं बोलणं थांबतं. बिल सात हजारांचं, मागे रांग आणि मशीनच्या कोपऱ्यात रेंजची एकच दांडी. थोड्या वेळानं ‘टाइम आउट’ येतं आणि त्याच सुमारास गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे कट झाल्याचा एसएमएस. दुकानदार म्हणतो, ‘आमच्याकडे आलेले नाहीत.’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘माझ्याकडून गेलेत.’

दोघंही खरं बोलत असतात.

कार्ड घातलं किंवा टेकवलं की मशीन रक्कम, दुकानाची ओळख आणि कार्डाचा तपशील असलेला एक संदेश बँकेच्या दिशेनं पाठवतं. १९८७ साली पहिल्यांदा आलेल्या आयएसओ ८५८३ या मानकात अशा संदेशांचे प्रकार क्रमांकांनी ओळखले जातात. पैशांची मागणी ०२००, तिचं उत्तर ०२१०. उत्तर वेळेत आलं नाही, तर व्यवहार उलटवण्यासाठी ०४००. मागणी बँकेपर्यंत पोचली, खात्यातून रक्कम वळती झाली आणि उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं, की वर सांगितलेला पेच उभा राहतो. उलटवण्याचा संदेशही त्याच अडखळत्या वाटेनं जायचा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात या प्रसंगाची स्वतंत्र नोंद आहे. खात्यातून रक्कम गेली पण दुकानात पावती आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत आली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम चांगलाच आहे. पण पैसे परत येईपर्यंत ते ना खात्यात असतात ना दुकानात, आणि सणासाठी साडी घ्यायला आलेल्या बाईला साडी तर आजच हवी असते.

मशीनच्या या संदेशाला वेगवान इंटरनेट लागतच नाही. तो जेमतेम काहीशे बाइटांचा असतो. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे हजारो संदेश मावतील. त्याला लागते ती न तुटणारी वाट. आपल्याकडची बहुतेक मशीनं सिमकार्डावर चालतात आणि फेरीवाल्याला, घरपोच सामान देणाऱ्याला तेच सोयीचं आहे. मात्र तळघरातल्या दुकानात, लोखंडी शटरांच्या गाळ्यांत किंवा जत्रेच्या गर्दीत टॉवरवर ताण आला की सिम दगा देतं. वायफायचीही स्वतःची दुखणी आहेत. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात काम करतो, त्याच पट्ट्यात बरीच वायफाय उपकरणं बोलत असतात.

जे मशीन वर्षानुवर्षं एकाच काउंटरवर बसून आहे, त्याला इथरनेटची वायर, म्हणजे लॅन केबल, द्यावी. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात एका टिपणात इथरनेटची कल्पना मांडली. तेव्हापासून ती पार बदलत गेली, पण आजही जवळपास प्रत्येक राउटरच्या पाठीवर तिचं भोक असतं. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडे त्यांच्यातला फरक तेवढा वाचला जात असल्यानं तो बाद होतो. अशी केबल १०० मीटरपर्यंत भरवशानं चालते. कुठल्याही दुकानाला तेवढी पुरे.

जोडणी अवघड नाही. हातात धरायच्या अनेक मशीनांना लॅनचं भोक नसतं, ते त्यांच्या चार्जिंगच्या बैठकीला असतं, तेव्हा मशीन मागवतानाच विचारून घ्यावं. केबलचं दुसरं टोक राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात घालायचं. ‘वॅन’चं भोक बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असतं आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. क्लिक असा आवाज आला आणि भोकाशेजारचा दिवा लागला, की मशीनच्या सेटिंगमध्ये इथरनेट निवडायचं. पत्ता आपोआप घेण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, चालू असली तर राउटर मशीनला १९२.१६८ नं सुरू होणारा किंवा तसलाच एखादा अंतर्गत पत्ता देतो. बँकेकडे जाणारी जोडणी मशीन स्वतः आतून उघडतं, त्यामुळे राउटरमध्ये बाहेरून आत येणारी वाट उघडून ठेवायची गरज सहसा पडत नाही. कोणी तसं करायला सांगितलं, तर आधी मशीन देणाऱ्या कंपनीला विचारावं.

कारण वाट कोणाकोणाला मोकळी आहे, हा मोठा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीच्या वायफायवर वेप नावाचं कच्चं कुलूप होतं. चोर दुकानाबाहेरूनच त्यात शिरले आणि २००७ मध्ये कंपनीनं सांगितलेला आकडा होता ४.५७ कोटी कार्डांचा. २०१३ मध्ये टार्गेट या साखळीत चोर आले ते शीतयंत्रणेच्या ठेकेदाराच्या लॉगिनवरून, आणि तिथून गल्ल्यावरच्या यंत्रणेपर्यंत पोचले. सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील गेला. दुसऱ्या घटनेत तर वायफायचा संबंधही नव्हता. म्हणजे नुसती वायर टाकून भागत नाही. चहा पिता पिता गिऱ्हाईक ज्या वायफायवर व्हिडिओ बघतं, त्याच जाळ्यात कार्ड मशीन ठेवू नये. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क बहुतेक राउटरमध्ये काही मिनिटांत सुरू करता येतं, आणि राउटरचा मूळ पासवर्ड त्याच वेळी बदलावा.

वीज जाणाऱ्या गावांत आणखी एक गोष्ट पाहायची. मशीनला बॅटरी असते, राउटरला नसते. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर नसतील, तर दिवे जाताच वायर निरुपयोगी होते.

सिम तरीही मशीनमध्ये राहू द्यावं. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या एकाच कंपनीचं जाळं कोलमडलं. इंटरॅक ही तिथली डेबिट कार्डांची व्यवस्था त्याच जाळ्यावर विसंबून असल्यानं देशभरातल्या दुकानांत डेबिट कार्ड चालेना. त्यानंतर इंटरॅकनं दुसऱ्या पुरवठादाराची जोड घेण्याचं ठरवलं. दुकानदारानंही इंटरनेट एका कंपनीचं आणि सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवावं. एखाद्या निवांत दुपारी केबल काढून मशीन आपणहून सिमवर जातं का, हे एका छोट्या व्यवहारानं तपासावं.

हे सगळं दुकान सजवतानाच सुचलं तर खर्च अगदी थोडा. फॉल्स सीलिंग लागण्याआधी वायरमनला काउंटरजवळ विजेच्या पॉइंटसोबत लॅनचा पॉइंट काढायला सांगायचा, केबल विजेच्या वायरीपासून वेगळ्या पाइपातून न्यायची. नंतर करायचं म्हटलं की भिंत खणा, पट्टी मारा. बँका आणि मशीन पुरवणाऱ्या कंपन्यांनीही आपल्या अर्जात एक रकाना वाढवावा: काउंटरवर रेंज किती येते आणि लॅनचा पॉइंट आहे का? मशीन बसवायला येणाऱ्या माणसाकडे पाच मीटरची केबल असावी आणि दुकान सोडण्याआधी त्यानं दोन्ही वाटांनी एकेक पावती काढून दाखवावी.